जीव घाबरा होतो तेव्हा

मागच्या काही भागांत आपण विचारांबद्दल बरंच बोललो. आज जरा मानेच्या खाली उतरू या. छाती, पोट, गळा, हातपाय. समुपदेशकाकडे येणारा माणूस बहुतेक वेळा यांच्याबद्दलच बोलत येतो. "मला नैराश्य आलंय" असं म्हणत फार थोडे जण दार उघडतात. "छातीत धडधडतं", "डोकं जड राहतं", "जेवण जात नाही", "हातापायांतलं बळच गेलंय", अशी सुरुवात असते. आणि पाठोपाठ एक वाक्य हमखास येतं: "सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत हो."

हे वाक्य म्हणताना माणसाचा चेहरा बघावा. रिपोर्ट नॉर्मल आल्याचा आनंद तिथे नसतो, ओशाळलेपण असतं. ईसीजी झाला, टू डी इको झाला, पोटाची सोनोग्राफी झाली, पैसे गेले, आणि काहीच निघालं नाही. घरी कुणीतरी म्हणालेलं असतं, "म्हणजे सगळं तुझ्या मनाचंच आहे." 'मनाचं' याचा अर्थ आपल्याकडे 'खोटं' असा घेतला जातो. मग तो माणूस समुपदेशकासमोर बसतो तो आरोपीसारखा. आपला त्रास खरा आहे हे आधी सिद्ध करायला हवं, असं त्याला वाटत असतं.

इथेच पहिलं काम सुरू होतं. कुठलंही तंत्र वापरण्याआधी समुपदेशकाने एवढं मान्य करायचं की धडधड खरी आहे. ती मोजता येते. नाडीवर बोट ठेवलं तर लागते.

होतं काय, ते थोडं समजून घेऊ. मेंदूला धोका जाणवला की तो शरीराला पळायला किंवा लढायला तयार करतो. अ‍ॅड्रेनलिन रक्तात येतं, हृदय जोरात पंप करू लागतं, स्नायू ताठ होतात, श्वास उथळ आणि भरभर चालतो. पचनाचं काम त्या घडीला बिनमहत्त्वाचं, म्हणून ते मंदावतं. तोंडाला कोरड पडते, पोटात गोळा येतो. श्वास फारच भरभर चालला तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि बोटांना मुंग्या येतात, गरगरतं. माणसाला वाटतं, झालं, आता मी जातो. आणि ही भीती हाच मेंदूसाठी पुढचा धोका ठरतो. चक्र सुरू. समोर वाघ असो, साहेबांचा मेल असो, की नुसती आठवण असो, शरीराची तयारी बरीचशी सारखीच.

एक गोष्ट मात्र आधीच स्पष्ट करतो. थायरॉईडची गडबड, रक्त कमी असणं, हृदयाच्या ठोक्यांचा दोष, यांतूनही अगदी अशीच लक्षणं दिसतात. तेव्हा शरीराची तपासणी आधी, समुपदेशन नंतर किंवा बरोबरीने. पहिल्यांदाच छातीत कळ आली, घाम फुटला, हात-जबडा दुखायला लागला, तर हे प्रकरण बाजूला ठेवा आणि थेट हॉस्पिटल गाठा. जो समुपदेशक तपासण्यांबद्दल काहीच न विचारता "हे सगळं मानसिक आहे" म्हणतो, त्याच्यापासून लांब राहिलेलं बरं.

बऱ्याच जणांचा समज असतो की मनाचं दुखणं शरीरातून बोलणं हा आपला, म्हणजे भारतीयांचा, खास स्वभाव; पाश्चात्त्य लोक थेट भावनांबद्दल बोलतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या एका मोठ्या पाहणीत याचं उत्तर सापडतं. १४ देशांतल्या १५ केंद्रांवर, त्यात आपलं बंगळूरही होतं, साध्या दवाखान्यांत आलेल्या रुग्णांची पाहणी झाली. निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना नैराश्य होतं त्यांपैकी ६९ टक्के लोक डॉक्टरांकडे फक्त शारीरिक तक्रारी घेऊन आले होते. पण थेट विचारल्यावर मनाचं काहीच नाही असं सांगणारे फक्त ११ टक्के निघाले. म्हणजे बाकीच्यांकडे सांगण्यासारखं होतं, फक्त विचारायला हवं होतं. आणखी एक गोष्ट दिसली. जिथे रुग्णाचा एका ठरलेल्या डॉक्टरशी कायमचा संबंध नव्हता, तिथे फक्त शरीराच्या तक्रारी सांगण्याचं प्रमाण जास्त होतं. मला हा त्या पाहणीतला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो. ओळखीचं कोणी नसेल तर माणूस पोटदुखी सांगतो. ओळख असेल तर पोटात काय आहे तेही सांगतो.

आता आपल्या भाषेकडे या. मराठीत एक विलक्षण सोय आहे, तिचं नाव 'जीव'. जीव घाबरतो, जीव कासावीस होतो, जीव वरखाली होतो, जीव टांगणीला लागतो, जीव रमत नाही, जीव भांड्यात पडतो. हा जीव शरीरात आहे की मनात? दोन्हीकडे. शरीर आणि मन यांची फाळणी करून मग त्यांना जोडण्याची कसरत पाठ्यपुस्तकं करतात. आपल्या आज्यांनी ती फाळणी कधी केलीच नाही. "काळजात धस्स झालं" हे एकाच वेळी भावनेचं आणि हृदयाच्या ठोक्याचं वर्णन आहे.

इंदूर, बडोदा, हैदराबाद किंवा दिल्लीत राहणाऱ्या आपल्या लोकांच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. दोन-तीन पिढ्या तिकडे गेल्या, ऑफिसची भाषा इंग्रजी, बाजाराची हिंदी किंवा गुजराती. समुपदेशकाकडे ते इंग्रजीत बोलतात आणि फार नीटनेटकं बोलतात. "माझं अँग्झायटीचं लेव्हल जरा हाय आहे." चांगल्या समुपदेशकाने अशा वेळी विचारावं, "घरी आईला सांगायचं असतं तर काय म्हणाला असतात?" उत्तर येतं, "जीव नुसता टांगल्यासारखा होतो." आणि बोलता बोलता हात छातीकडे गेलेला असतो. समुपदेशकाला मराठी येत नसलं तरी चालतं. त्या शब्दाचा अर्थ विचारला आणि तो हात पाहिला तरी पुष्कळ.

आता एक उदाहरण घेऊ. हे कोणा एका व्यक्तीचं नाही, अनेकांच्या अनुभवांतून मुद्दाम एकत्र केलेलं आहे. चाळिशी ओलांडलेल्या, बँकेत नोकरी करणाऱ्या एक बाई. सकाळी कुकर लावताना त्यांचा गळा दाटून येतो, घास उतरत नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बीण घालून पाहिलं, काही नाही. त्या येतात, खुर्चीच्या अगदी कडेला बसतात, पर्स मांडीवर घट्ट धरलेली.

घाईतला समुपदेशक लगेच विचारेल, "तुमच्या मनात काय विचार येतात?" इथे मात्र समुपदेशक म्हणते, "ताई, आधी नीट टेकून बसा. पाणी हवंय? इथे कसली घाई नाही." मग विचारते ते गळ्याबद्दल. नेमकं कुठे दाटतं? किती वाजता? गोळा आहे की दोरी आवळल्यासारखं? सुट्टीच्या दिवशीही होतं का? बोलताना वाढतं की कमी होतं? हे प्रश्न वरवर साधे आहेत. पण त्या बाईंच्या दृष्टीने कोणीतरी पहिल्यांदाच त्यांच्या गळ्यात इतका रस घेतलेला असतो, आणि तोही "रिपोर्ट नॉर्मल" म्हणून फाईल बंद न करता. दहाव्या-पंधराव्या मिनिटाला त्या स्वतःच म्हणतात, "रडू गिळल्यासारखं वाटतं." इथून पुढचं बोलणं वेगळं होतं.

त्या सांगतात: सासूबाईंचं आजारपण, मुलाची बारावी, बँकेतलं टार्गेट. यातलं काहीच अचाट नाही. अचाट आहे तो आतला आवाज. "सगळ्या बायका करतात, तुलाच काय झालंय? एक काम धड जमत नाही."

या आवाजाचं काय करायचं, यावर मानसोपचारात बराच विचार झाला आहे. विचारातला तर्कदोष शोधा आणि तो बदला, ही अल्बर्ट एलिस आणि अ‍ॅरन बेक यांची दिशा. एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत मराठीत पोहोचवण्याचं मोठं काम कि. मो. फडके यांनी केलं, त्यामुळे तुमच्यापैकी अनेकांना ती ठाऊक असेल. ती उपयोगी आहे, मी तिच्या बाजूचा आहे. पण काही लोकांच्या बाबतीत तिथे गाडी अडते. ते म्हणतात, "मला पटतंय की माझी चूक नाही. पण वाटत नाही तसं."

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट यांचं लक्ष याच माणसांकडे गेलं. लाज आणि नैराश्य हे त्यांचे अभ्यासाचे विषय. ते स्वतः सांगतात ती गोष्ट अशी: एक रुग्ण स्त्री योग्य, समजूतदार विचार तयार करत होती, तरी तिला बरं वाटत नव्हतं. त्यांनी तिला ते विचार डोक्यात जसे ऐकू येतात तसे मोठ्याने म्हणून दाखवायला सांगितलं. शब्द समजुतीचे होते, पण आवाज रागाचा, जवळजवळ खेकसणारा. "कर की जरा प्रयत्न!" अशा थाटाचा. मेंदूने शब्द ऐकले नाहीत, सूर ऐकला. त्यातून पुढे त्यांनी जी पद्धत उभी केली तिला करुणाकेंद्री उपचार म्हणता येईल. तिच्यात काय बोलता याइतकंच कुठल्या सुरात, कुठल्या चेहऱ्याने, कुठल्या श्वासाने बोलता याला महत्त्व आहे.

गिल्बर्ट भावनांच्या तीन यंत्रणा मानतात. मी त्यांना धोक्याची, धडपडीची आणि दिलाशाची म्हणतो, लक्षात ठेवायला सोपं. पहिली संकट ओळखते. दुसरी काहीतरी मिळवायला पळवते: परीक्षा, बढती, फ्लॅट. तिसरी निवांत करते; ती आई-बाळाच्या नात्यात घडते, ऊब, स्पर्श, हळू आवाज यांनी जागी होते. आपल्यापैकी पुष्कळांच्या पहिल्या दोन यंत्रणा चोवीस तास चालू असतात आणि तिसरी गंजलेली. धोक्यातून सुटायचं तर आणखी धडपड करायची, एवढंच ठाऊक असतं. हे तीन कप्पे मेंदूत असे वेगवेगळे कोरलेले नाहीत, हा समजण्यासाठी केलेला नकाशा आहे. पण समोर बसलेल्या माणसाला तो चटकन कळतो. "म्हणजे मी वाईट नाही, माझी तिसरी यंत्रणा उपाशी आहे," असं कोणी म्हणतं तेव्हा खांदे खाली आलेले दिसतात.

त्या बाईंकडे परत. समुपदेशक त्यांना पाय जमिनीवर टेकवायला सांगते, पाठ खुर्चीला. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना किंचित कमी होतात. हे आपल्या सगळ्यांच्या शरीरात सतत चालू असतं, आणि व्हेगस नावाच्या मज्जातंतूचा त्यात मोठा वाटा आहे. म्हणून सोडायचा श्वास थोडा लांबवायचा. जोर नाही, मोजणी नाही, नाकपुड्या दाबणं नाही. गरम चहावर हळूच फुंकर घालावी तसा. दोन-तीन मिनिटं. मग ती विचारते, "तुमच्या धाकट्या बहिणीचा याच कारणासाठी फोन आला, तर तिला काय म्हणाल?" बाई म्हणतात, "अगं, किती करशील एकटी? जरा बस." आवाज बदललेला असतो, खालच्या पट्टीत आलेला. समुपदेशक तिथेच थांबवते. "आत्ता गळ्यात कसं वाटतंय?" बाई थोडा वेळ गप्प राहतात. "सैल."

आता हेच वाक्य, याच सुरात, स्वतःला. आणि इथे बहुतेक वेळा अडतं. बहिणीसाठी सहज निघालेलं वाक्य स्वतःसाठी ओठांवर येत नाही. हसू येतं, लाज वाटते, कधी राग येतो. "असं स्वतःचे लाड करत बसले तर घर कोण बघेल?" ही करुणेची भीती इतकी सार्वत्रिक आहे की गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ती मोजणारी प्रश्नावलीच प्रसिद्ध केली. तिचे तीन भाग: इतरांना करुणा देण्याची भीती, इतरांकडून घेण्याची भीती, आणि स्वतःला देण्याची भीती.

या भीतीला काहींच्या बाबतीत फार खोल कारण असतं. लहानपणी ज्या हाताने जवळ घेतलं त्याच हाताने मारलं असेल, तर मायेची पहिली चाहूल लागताच शरीर सावध होतं. डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्या म्हटलं की अशा माणसाचा जीव आणखी घाबरतो. यूट्यूबवरच्या ध्यानाच्या व्हिडिओंमध्ये हे सांगत नाहीत. अशा वेळी डोळे उघडे ठेवायचे, खिडकीबाहेरचं झाड बघायचं, हातातल्या पेल्याचा गारवा जाणवून घ्यायचा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्यायची. शरीरात उतरायचं ते पायरी पायरीने, आणि नको वाटलं की परत वर. थांबण्याचा हक्क कायम समोरच्याचा. स्पर्शाचंही तसंच. पाठीवरून हात फिरवणं ही आपल्या घरांतली माया असली तरी समुपदेशकाने विचारल्याशिवाय हात लावू नये. बहुतेक वेळा लागतही नाही.

करुणा हा शब्द ऐकून काही जण नाक मुरडतात. त्यांना कीव आठवते. कीव वरून खाली बघते. गिल्बर्ट यांच्या व्याख्येत दोन गोष्टी आहेत: दुःखाकडे पाठ न फिरवता त्याची दखल घेणं, आणि ते कमी करण्यासाठी, टाळण्यासाठी काही करण्याची बांधिलकी. दुसरा भाग विसरता कामा नये, त्याला हिंमत लागते. या पद्धतीवर बौद्ध विचाराचा प्रभाव आहे हे गिल्बर्ट मोकळेपणाने सांगतात. आपल्याकडे मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा ही चौकडी बौद्ध परंपरेतही आहे आणि पतंजलींच्या योगसूत्रांतही, तेव्हा शब्द आपल्याला परका नाही. तो स्वतःकडे वळवणं मात्र नवं वाटतं.

आमच्या बाईंनी करुणा दाखवली म्हणजे काय केलं? सासूबाईंच्या औषधांची जबाबदारी दिरांकडे सोपवली. हे बोलायला त्यांना पाच आठवडे लागले. त्या फोनच्या आधी त्यांनी पाय जमिनीवर टेकवले आणि दोन लांब श्वास सोडले. आवाज कापला, पण वाक्य पूर्ण झालं. गळा अजूनही कधीकधी दाटतो. आता त्याचा अर्थ त्यांना कळतो: काहीतरी गिळलं जातंय.

अशा पद्धतींच्या नावाखाली भलतंसलतंही पुष्कळ चालतं, तेही सांगायला हवं. "प्रत्येक अवयवात एक भावना साठते", "गुडघेदुखी म्हणजे अहंकार", अशी कोष्टकं फिरत असतात. त्यांना आधार नाही, आणि ती क्रूर आहेत, कारण शेवटी दुखण्याचा दोष दुखणाऱ्यावरच टाकतात. करुणाकेंद्री उपचारांवरचे अभ्यास आशादायक आहेत, विशेषतः स्वतःला सतत झोडपणाऱ्या लोकांसाठी; पण विचार बदलण्याच्या जुन्या पद्धतींइतका भरभक्कम पुरावा अजून जमलेला नाही. तीव्र नैराश्यात, झोप-भूक पार गेलेली असताना, जगणं नकोसं झालेलं असताना मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर आणि गरजेप्रमाणे औषध हवं. समुपदेशक औषध देऊ शकत नाही. पण "कधी मरून जावंसं वाटतं का?" हा प्रश्न त्याने स्पष्ट शब्दांत विचारलाच पाहिजे. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरते हा गैरसमज आहे. विचारल्यावर माणसं बहुधा मोकळी होतात.

आणि यासाठी मोठ्या शहरातली महागडी खोलीच लागते असंही नाही. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी 'मानस' नावाचा प्रयोग केला, बारा सरकारी आणि बारा खाजगी दवाखान्यांत. निष्कर्ष २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. तिथे समुपदेशक होते ते स्थानिक, मानसशास्त्राची पदवी नसलेले पण प्रशिक्षण घेतलेले लोक. ते रुग्णाला त्याच्या लक्षणांचा आणि घरातल्या अडचणींचा संबंध समजावून सांगत, घाबरेपणासाठी श्वासाचे व्यायाम शिकवत, मनातलं कुणापाशी तरी बोलायला सुचवत. सरकारी दवाखान्यांत याचा स्पष्ट फायदा दिसला. खाजगीत फारसा फरक दिसला नाही.

तुम्ही कुठल्याही राज्यात असा, समुपदेशक निवडताना पहिल्या भेटीत तीन गोष्टी विचारायला संकोचू नका: तुमचं शिक्षण आणि प्रशिक्षण काय, माझं बोलणं गुप्त राहील का आणि कुठल्या परिस्थितीत राहणार नाही, आणि एखादा व्यायाम मला नको वाटला तर चालेल का. तिसऱ्या प्रश्नाला समोरचा कसं उत्तर देतो, ते नीट ऐका. त्या क्षणी आपले खांदे वर जातात की खाली येतात, तेही बघा.

जवळ कोणी नसेल, किंवा जायचा धीर होत नसेल, तर केंद्र सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. क्रमांक १४४१६, फोन मोफत. अनेक भारतीय भाषांत बोलता येतं, मराठीतही. कुठून सुरुवात करावी हे सुचलं नाही तर "छातीत धडधडतं" इथूनच करा.